सौम्य ओव्हरप्रोनेशन

धावणाऱ्या माणसाशी पहिल्यांदा ओळख होते तेव्हा तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही. तो खाली बघतो. आपल्याला वाटतं, किती विनयशील गृहस्थ! पण तो विनय नसतो, तपासणी असते. आधी बुटाचा ब्रँड, मग मॉडेल, मग त्या मॉडेलची कितवी आवृत्ती आणि शेवटी टाचेची आतली बाजू. एवढं उरकलं की मान वर होते आणि प्रश्न येतो, "सपोर्ट की न्यूट्रल?" नाव, गाव, नोकरी हे सगळं नंतर. टेकडीवर रोज भेटणाऱ्या कित्येकांची आडनावं मला अजून ठाऊक नाहीत, पण कुणाचा डावा पाय उजव्यापेक्षा जास्त आत पडतो, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

आमच्या लहानपणी हा प्रश्न अस्तित्वात नव्हता. बुटांचे प्रकार दोन, काळे आणि पांढरे. काळे शाळेचे, पांढरे पीटीचे. पीटीच्या कॅनव्हासच्या बुटांना आदल्या रात्री ओला खडू फासला की त्यांची सगळी तांत्रिक देखभाल संपली. पुढे 2004 साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, 2012 मध्ये साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन आली, आणि बघता बघता चाळिशी ओलांडलेला, नुकताच साखरेचा रिपोर्ट हातात पडलेला मराठी माणूस पहाटे पाचला घराबाहेर पडू लागला. जानेवारीचा तिसरा रविवार संकष्टीसारखा पाळला जाऊ लागला. पेडर रोडचा चढ आणि यवतेश्वरचा घाट यांच्याबद्दल लोक व्याह्यांबद्दल बोलावं तसं, आदराने पण दात-ओठ खात बोलू लागले. आणि धावायचं म्हटल्यावर बूट आले. बूट आले म्हणजे दोन बुटांतून एक निवडणं आलं, आणि निवडायचं म्हटलं की सल्ला देणारे आलेच.

प्रकरण मुळात साधं आहे. धावताना बहुतेकांची टाच आधी टेकते, तीही बाहेरच्या कडेने. मग पाऊल जरासं आत कलतं, तळव्याची कमान थोडी दबते, जमिनीचा धक्का जिरतो आणि चवड्यावर भार देऊन अंगठ्याच्या रेट्याने पाय उचलला जातो. या आत कलण्याला म्हणतात प्रोनेशन. ते सगळ्यांना होतं आणि व्हायलाच हवं, नाहीतर तो धक्का थेट गुडघ्यापर्यंत पोचेल. पाऊल जास्त आत कललं तर ओव्हरप्रोनेशन, फारसं कललंच नाही तर सुपिनेशन. जास्त कलणाऱ्यांसाठी सपोर्टचा बूट. त्याच्या तळात आतल्या बाजूला जास्त कडक फोम बसवलेला असतो, बऱ्याचदा करड्या रंगाचा, म्हणजे पाऊल आत झुकू लागलं की तो फोम त्याला अडवतो. न्यूट्रल बुटात असा कुणी पहारेकरी नसतो. सगळीकडे सारखा फोम, ज्याचा पाय जिकडे जाईल तिकडे जाऊ दे.

प्रत्येक कंपनी हे दोन्ही प्रकार जोडीने विकते. असिक्सचा कायानो सपोर्टचा, निंबस न्यूट्रल. ब्रूक्सचा अ‍ॅड्रेनलिन सपोर्टचा, घोस्ट न्यूट्रल. सॉकनीचा गाइड आणि राइड, नायकीचा स्ट्रक्चर आणि पेगासस. दुकानात हे भाऊ-भाऊ शेजारी शेजारी मांडलेले असतात, दिसायला सारखे, किमतीला पाच आकडी. आता एवढंच ठरवायचं की आपला पाय "जास्त" कलतो का. पण जास्त म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही, आणि इथूनच पत्रिका बघायला सुरुवात होते.

पत्रिकेत मंगळ कडक निघाला तर सगळे सावध होतात, निघालाच नाही तर विषय संपतो. दोन्ही बाबतींत ज्योतिषाचं काम थोडक्यात आटोपतं. खरी बरकत सौम्य मंगळात. तो आहेही आणि नाहीही, काळजीचं कारण नाही पण उपाय मात्र करून टाकावा. ओव्हरप्रोनेशनचं नेमकं हेच आहे. बुटांच्या दुकानातून तपासून बाहेर पडलेल्या माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाला ते "माइल्ड" निघालेलं आहे.

निदानाच्या पद्धती तीन. पहिली घरगुती. पाय ओला करायचा, कागदावर नाहीतर फरशीवर ठसा उमटवायचा आणि बघायचा. मधला भाग पूर्ण भरलेला दिसला तर पाय सपाट, बारीक पट्टी दिसली तर कमान उंच. एका मित्राने शहाबादी फरशीवर हा प्रयोग केला, तर त्याची आई पोछा घेऊन मागे उभी. "गौरी बसायला अजून दोन महिने आहेत, आत्तापासून पावलं कसली काढतोयस?" ठसे बघून माउलींनी वर शेराही मारला की लक्ष्मीचा पाय असा थापलेल्या भाकरीसारखा नसतो. या पद्धतीतली गोम अशी की ठसा आपण उभे राहून काढतो. उभा असताना पाय कसा दिसतो आणि धावताना कसा वागतो, यांचा संबंध आपण समजतो तेवढा घट्ट नाही. मुलाखतीला आलेला उमेदवार आणि सहा महिन्यांनंतरचा कर्मचारी यांच्यात असतो, साधारण तेवढाच.

दुसरी पद्धत जुन्या बुटांचं तळभविष्य. झिजलेला जोड उलटा धरायचा आणि रेषा वाचायच्या. टाचेची बाहेरची कड झिजलेली दिसली की जाणकार जीभ चुकचुकवून सांगतो, "सुपिनेटर आहात तुम्ही." आता टाच बाहेरच्या कडेनेच टेकत असल्यामुळे ती कड बहुतेक सगळ्यांचीच झिजते. पण हे जाणकाराला सांगू नये. त्याच्याकडे अजून आठ-दहा जोड बघायचे असतात.

तिसरी पद्धत म्हणजे दुकानातलं ट्रेडमिल. मागे कॅमेरा, समोर पडदा आणि हाताशी बावीस-तेवीस वर्षांचा एक अत्यंत गंभीर मुलगा. ट्रेडमिलवर चढल्याबरोबर माणूस आयुष्यात कधी धावला नाही तसा धावू लागतो. पोट आत, छाती पुढे, गुडघे वर, चेहऱ्यावर प्रजासत्ताक दिनाचं संचलन. दुकानातली इतर गिऱ्हाइकं बघत असतात, त्यांच्यासाठीही थोडं धावावं लागतं. मग तो व्हिडिओ संथ गतीने दाखवतात. स्वतःच्या टाचा आणि पोटऱ्या मागून, संथ गतीने बघण्याची वेळ देवाने कुणावर आणू नये. सगळं हलत असतं. जे हलू नये असं वाटतं ते तर जास्तच. त्यावर तो मुलगा एक लाल रेघ मारतो.

"हा अँगल बघा सर."

"बघितला. किती असायला हवा?"

"कमी."

यापुढे वाद संपतो. वैद्यकीय अहवालात लाल रंग दिसला की मराठी माणूस खिशात हात घालतो. सपोर्टचा जोड पायात येतो, शेजारचा न्यूट्रल खोक्यात परत जाऊ लागतो. आणि इथे एक क्षण येतो, जो मी अनेकांच्या बाबतीत पाहिला आहे. माणूस भीत भीत म्हणतो, "पण मघाशी तो दुसरा घातला होता ना, तो जास्त छान वाटत होता." यावर दुकानदार, सोबत आलेला मित्र आणि मित्राचा मित्र असे तिघे एकदम म्हणतात, "वाटणं वेगळं हो!"

माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मूळ त्या वाक्यात आहे. छान वाटतंय, हा आपल्याकडे निकषच नाही. उलट छान वाटलं की आपण सावध होतो. आपली सगळी जडणघडण अशी की जे हिताचं ते कडू, जे आवडतं ते अपायाचं. कारलं खा, काढा घे, गणित घे. आणि बुटांच्या बाबतीत तर आपलं बालपण हे एक प्रदीर्घ प्रशिक्षणच होतं. शाळेचा बूट दोन नंबर मोठा घेतलेला, पुढे कापूस. "वाढत्या अंगाचा आहे, पुढच्या वर्षी बसेल." पुढच्या वर्षी तो नेमका बसला की दोन महिन्यांत चावायला लागायचा. "नवा नाही, तरी चावतोय?" "अरे, चालशील तशी सवय होईल." नवी कोल्हापुरी तर पाय सोलल्याशिवाय आपली वाटतच नाही. तिला तेल लावायचं आणि स्वतःच्या पायाला हळद. अशा घरांत वाढलेल्या माणसाला तुम्ही पाच आकडी पैसे देऊन घ्यायची वस्तू "जी छान वाटेल ती घ्या" असं सांगितलंत, तर त्याला फसवणूकच वाटणार. त्याला कुणीतरी त्रयस्थाने दोष काढून द्यायला हवा असतो.

शिवाय दोषाला प्रतिष्ठा असते. ज्याला दुकानात "तुमचं अगदी नॉर्मल आहे" असं सांगितलं गेलं, अशा एका गृहस्थांचा चेहरा मी पाहिला आहे. एवढा पेट्रोलचा खर्च करून आलो आणि काहीच निघालं नाही! ग्रुपवर आता सांगायचं काय? धावण्याच्या ग्रुपवर बोलायला काहीतरी असावं लागतं. एकाचा आयटी बँड, एकाची टाचदुखी, एकीची नडगी, त्यात हे आपले न्यूट्रल, लग्नघरातल्या बिनकामाच्या काकांसारखे. शेवटी त्यांनी दुसऱ्या दुकानात जाऊन माइल्ड मिळवलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

ग्रुपवर प्रश्न टाकला तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको. "सपोर्ट घेऊ की न्यूट्रल?" एवढं लिहून आंघोळीला जावं, परत येईपर्यंत सत्तर उत्तरं. ग्रुपमधले डॉक्टर सर्वांत ठामपणे लिहितात. ते दातांचे आहेत, हे तिसऱ्या महिन्यात कळतं. एक अभियंता एक्सेलचा तक्ता पाठवतात, त्यात प्रत्येक बुटाचं वजन, उंची, टाच आणि चवडा यांतला फरक आणि दर किलोमीटरला पडणारा खर्च पैशांत काढलेला असतो. एकाचा मेहुणा अमेरिकेहून येणार असतो, त्याच्या बॅगेत सहा जोड आधीच बसलेले असतात. एक ज्येष्ठ सदस्य "आम्ही कॅनव्हासवर पुणे-सिंहगड करत होतो" असं लिहून त्याखाली सुप्रभात टाकतात. प्रश्न विचारणाऱ्याला धावून पाहिल्यावर काय वाटलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

आणि एक अनवाणी पंथ असतो. त्यांच्या लेखी सपोर्ट आणि न्यूट्रल दोन्ही पाखंड. ते लगेच अबेबे बिकिलाचं नाव घेतात. इथिओपियाचा हा धावपटू 1960 च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी धावला आणि जिंकला, हे खरंच आहे. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला तेव्हा त्याच्या पायात बूट होते आणि वेळही आधीपेक्षा कमी होती, हे ते सांगत नाहीत. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नऊवारी नेसून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावलेल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आलेल्या लता भगवान करे आहेत. पण त्या आजारी नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून धावल्या होत्या, बुटांविषयी काही सिद्ध करायला नाही. वारीत वेळापूरजवळ धावा होतो. पंढरी जवळ आली या आनंदात हजारो माणसं उतारावरून धावत सुटतात, कुणाच्या पायात रबरी चप्पल, कुणाच्या काहीच नाही. तिथे लाल रेघ मारणारा मुलगा उभा केला तर रेघा मारता मारता त्याचाच हात दुखायचा. पण म्हणून आयुष्यभर मऊ सॉक्समध्ये वाढलेल्या तळव्यांनी उद्यापासून डांबरी रस्त्यावर अनवाणी सुटावं, असं कुणी माउलींच्या नावावर खपवू नये.

मग शास्त्र काय म्हणतं? शास्त्राने जरा पंचाईतच केली आहे. अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन कोर यांनी आपल्या हजारो नव्या भरतीवर हा प्रयोग केला, निष्कर्ष 2009-10 च्या सुमारास आले. निम्म्या रंगरुटांना तळव्याची कमान बघून, सपाट पायाला जास्त आधाराचा, उंच कमानीला मऊ, असे शास्त्रशुद्ध बूट दिले. उरलेल्यांना पाय न बघता सरसकट एकाच प्रकारचे. प्रशिक्षणाच्या शेवटी दुखापती मोजल्या, तर दोन्हीकडे फरक नाही. पुढे डेन्मार्कमध्ये 927 नवशिक्या धावणाऱ्यांना, पाय कसाही पडो, न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पळवलं. 2014 मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार आत कलणाऱ्या पायांना जास्त इजा झाली नाही. उलट दर 1000 किलोमीटरमागे मोजलं तर सरळ पायवाल्यांपेक्षा त्यांनाच कमी झाली.

हे वाचून सपोर्टचे बूट माळ्यावर टाकायला निघावं, तोवर लक्झेंबर्ग. तिथे 372 जणांना दिसायला अगदी सारखे असे दोन प्रकारचे बूट दिले, कुणाला कोणता मिळाला हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी, 2016 च्या अहवालात, आधाराचा बूट घालणाऱ्यांना इजा कमी आणि तो फायदा मुख्यतः ज्यांचे पाय खरोखर आत कलतात त्यांना. म्हणजे कडक मंगळाला थोडा उपाय चालतो म्हणायचा. सौम्यवाल्यांनी दक्षिणा कशासाठी दिली, हे त्यांनी ज्योतिषाला विचारावं.

या गोंधळातून वाट काढली ती कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या बेन्नो निग यांनी. आयुष्यभर पायांचा अभ्यास केल्यावर 2015 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की पायाच्या सांध्यांना आपली अशी एक वाट असते, पाय त्याच वाटेने जाऊ बघतो, आणि जो बूट त्या वाटेत आडवा येत नाही तो आरामशीर वाटतो. म्हणून धावून बघा आणि आराम वाटेल तो घ्या. याला त्यांनी नाव दिलं कम्फर्ट फिल्टर. त्याआधी त्यांच्याच चमूने सैनिकांना वेगवेगळ्या आकारांची इनसोल देऊन पाहिलं होतं की कोण काय निवडतो. एकाला आवडलेलं दुसऱ्याला आवडेना, पण ज्याने त्याने आपल्याला बरं वाटलेलं इनसोल वापरलं तेव्हा दुखणी मात्र कमी झाली.

म्हणजे कॅमेरे, लाल रेघा, रंगरूट आणि आकडेशास्त्र असा सगळा वळसा घालून विज्ञान अखेर पोचलं कुठे, तर दुकानात भीत भीत म्हटलेल्या त्या वाक्यापाशी, "तो दुसरा जास्त छान वाटत होता." कंपन्यांनाही याचा सुगावा लागलेला दिसतो. हल्लीच्या अनेक सपोर्ट बुटांतून तो कडक करडा तुकडा हळूच नाहीसा झाला आहे. त्याऐवजी तळ रुंद करतात, कडा जरा उंच घेतात. पहारेकऱ्याची काठी काढून घेऊन त्याला नुसतं दारात बसवलं आहे. पगार मात्र तोच.

संशोधनातला एक निष्कर्ष तेवढा सगळ्या ग्रुप्सना तोंडपाठ आहे. लक्झेंबर्गच्याच मंडळींनी 264 जणांवर 22 आठवडे नजर ठेवली, तेव्हा एकच जोड वापरणाऱ्यांपेक्षा आलटून पालटून वेगवेगळे जोड वापरणाऱ्यांना इजेचा धोका 39 टक्क्यांनी कमी दिसला. आमच्या मजल्यावरच्या वहिनी दहा किलोमीटर सहज धावतात. त्यांच्या यजमानांनी एकदा दारातल्या रॅककडे बघून विचारलं, "अगं, पाय दोन आणि बूट दहा?" वहिनी म्हणाल्या, "39 टक्के." आता नवा खोका आला की ते नुसते "39" म्हणतात आणि पेपर वाचतात.

तेव्हा निकाल असा. बूट घ्यायला संध्याकाळी जावं, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. धावताना घालता तेच मोजे न्यावेत. दोन्ही पायांत घालून बघावं, कारण दोन्ही पाय क्वचितच एका मापाचे असतात. पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा सोडावी. दुकानात उभं राहून आरशात बघू नये, दाराबाहेर चार-पाच मिनिटं धावून यावं, दुकानदाराला वाईट वाटलं तरी. एक सपोर्टचा, एक न्यूट्रल, दोन्ही घालून. ज्या जोडाची आठवणच झाली नाही तो तुमचा. वर्षानुवर्षं सपोर्टच्या बुटात सुखाने धावत असाल तर हा लेख वाचून तो बदलू नका, न्यूट्रलवाल्यांनीही तेच. दुखणं टिकून असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा, ग्रुपवर नको. आणि एवढं करूनही गुडघा दुखलाच तर बुटाला शिव्या देण्याआधी मागच्या महिन्यात अंतर एकदम किती वाढवलं ते आठवा, बहुतेक दुखणी त्या घाईतून येतात.

दोन्ही जोड सारखेच छान वाटले तर स्वस्त घ्या.